मागच्या चाकाची हकीकत, डाव्या मनगटासह

मल्लेश्वरम, बंगळूर
९ फेब्रुवारी १९९५

तीर्थस्वरूप वासुदेवराव यांस,

उमाकांतचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही असं मुद्दाम लिहिलं, कारण या घरात सध्या सगळ्यांनाच दोन्ही जोडता येत नाहीत.) आपली प्रकृती, वहिनींचे गुडघे आणि आपला रक्तदाब, सगळं ठीक असेल अशी आशा करतो. रक्तदाबाची चौकशी केवळ रीत म्हणून करत नाही. आपलं मंगळवारी आलेलं पत्र वाचल्यावर मला त्याची खरोखरच काळजी वाटली. इकडे एक डावं मनगट सोडलं तर सर्व क्षेम आहे. मनगट आपल्या मातोश्रींचं आहे, सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहायचं आहे, आणि त्याच्या मालकीणबाईंची भूक, झोप आणि माझ्या मराठीतल्या चुका काढण्याची ताकद पूर्वीपेक्षा वाढली आहे.

आपल्या पत्रात ओळी चारच आहेत, पण तिसरीखाली लाल शाईची रेघ आहे. "एकाहत्तर वर्षांच्या बाईला सायकलवर बसवताना आपली अक्कल कुठे होती?" असं आपण विचारलं आहे. इतर कुठलाही वार असता तर अक्कल यशवंतपूरला कारखान्यात होती असं सांगून सुटलो असतो, पण तो रविवार होता. फोनवर आपल्या बहिणीनं, अनुसूयेनं, "आई सायकलवरून पडली" एवढंच सांगितलं आणि लाइन कट झाली, त्यामुळे आपला समज असा झालेला दिसतो की मी एक दिवस सकाळी उठून सासूबाईंना सायकलवर बसवलं आणि पाडलं. तसं नाही. याची सुरुवात आपण केली आहे. कुठल्या तारखेला, तेही मी सांगू शकतो, म्हणून हे पत्र स्वल्प लांबणार. (स्वल्प हा शब्द मराठी पत्रात चालणार नाही असं आई म्हणतात. आमच्या घराण्यात तो चारशे वर्षं चालला आहे.)

गेल्या मे महिन्यात आपण आलात तेव्हा माझी काळी सायकल जिन्याखाली उभी होती. तिला आपण "धूड" म्हणालात आणि माझ्या देखत आमच्या दूधवाल्याला देऊन टाकलीत. पाहुण्याचा शब्द मोडायचा नाही म्हणून मी गप्प बसलो. तो दूधवाला आजही दोन्ही बाजूंना कॅन लटकवून रोज सकाळी तिच्यावरून येतो आणि माझ्या दारात आल्यावर गरज नसताना घंटी वाजवतो. पुढे सप्टेंबरात आपल्या डॉक्टरांनी आपल्याला व्यायाम सांगितला. आपण ती हिरवी, पाच गिअरची सायकल घेतलीत, चार दिवस चालवलीत, आणि पाचव्या दिवशी आपल्याला माझ्या पन्नाशीची आठवण झाली. ट्रान्स्पोर्टच्या ट्रकमधून, पेंढ्यात गुंडाळून ती माझ्या दारात उतरली. सोबत आपली चिठ्ठी होती, "हलकी आहे, पिसासारखी पळते." पिसासारखी पळते हे खरं आहे. पिसावर एक्क्याण्णव किलोचा माणूस बसवू नये, एवढंच चिठ्ठीत लिहायचं राहिलं.

एक्क्याण्णव किलो, बुटांसकट. मी वजनकाट्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे, त्यामुळे इतर माणसांना स्वतःच्या वजनाबद्दल जी सोयीची शंका असते ती मला नाही. आता जरा चाकाकडे या. माझ्या काळ्या सायकलच्या मागच्या चाकाला चाळीस तारा होत्या, पुढच्याला बत्तीस. का? कारण माणूस, सामान, कॅरियरवरची बायको हे सगळं मागे असतं, हे ज्यानं ती बनवली त्याला ठाऊक होतं. आपल्या हिरवीला पुढे छत्तीस आणि मागेही छत्तीस, दिसायला छान. म्हणजे मागच्या चार तारा आपण दूधवाल्याला दिल्यात आणि पुढे चार जास्तीच्या मला दिल्यात, ज्या नुसत्या वारा खातात.

पहिला अपघात दसऱ्याच्या आधी झाला. वेट ग्राइंडरच्या दगडाला टाकी लावून आणायची होती. (इथे इडलीचं पीठ हा घरातल्या शांततेचा पाया असतो. दगड गुळगुळीत झाला की पीठ बिघडतं, मग अनुसूया बिघडते.) मी दगड गोणपाटात बांधून कॅरियरवर ठेवला आणि निघालो. यशवंतपूरकडच्या रस्त्यावर आमच्या महापालिकेनं एक नवा हंप, म्हणजे गतिरोधक, उभारला होता. रंग मारलेला नव्हता, म्हणजे तो फक्त आदळल्यावर दिसायचा. मी आदळलो. मागून भांडं चेपल्यासारखा आवाज आला, सायकल दोन हात बाजूला सरकली आणि थांबली. उतरून पाहतो तर मागचं चाक इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं झालेलं. दगडाला काहीही झालं नव्हतं. मी एका खांद्यावर दगड आणि दुसऱ्या खांद्यावर आपली भेट घेऊन पाऊण मैल चाललो. माझ्या शेजारून दूधवाला गेला. घंटी वाजवून.

इथे व्यंकोजीचा प्रवेश होतो. व्यंकोजी आमच्याच गल्लीत, आठव्या क्रॉसवर, चिंचेच्या झाडाखाली सायकली दुरुस्त करतो. आमच्यासारख्याच जुन्या इथल्या मराठी घरातला, म्हणून मी त्याच्याकडे विश्वासानं गेलो. आपलं माणूस फसवणार नाही, असं मला वाटलं. फसवलं नाही त्यानं. त्याला येत नव्हतं, एवढंच. त्यानं रिम पायाखाली घालून दाबली, चावीनं तारा इकडे आवळल्या, तिकडे ढिल्या केल्या, चाक सरळ फिरवून दाखवलं आणि म्हणाला, "सरी अण्णा, आउट काढला. आता पुण्यापर्यंत जा." मी कारखान्यापर्यंत गेलो. तिसऱ्या दिवशी एक तार तुटली.

तार तुटण्याचा आवाज आपण ऐकला नसेल, चार दिवसांत कुठून ऐकणार. टंग्. मग सायकल स्वल्प लंगडते. चाक एका बाजूला ओढलं जातं, ब्रेकच्या रबराला घासतं, आणि प्रत्येक फेऱ्याला कुणीतरी मागून "च्च, च्च" करत असल्याचा भास होतो. व्यंकोजी नवी तार घालायचा. आठवड्यानं तिच्या शेजारची जायची. ऑक्टोबरपासून नाताळपर्यंत अकरा तारा गेल्या, आणि अकराच्या अकरा उजव्या बाजूच्या, जिथे साखळीचं दातेरी फ्रीव्हील असतं तिथल्या. त्यातली तार बदलायची तर फ्रीव्हील काढायला लागतं, आणि ते अडकून बसलेलं असायचं. व्यंकोजी त्यावर छिन्नी आणि हातोडी घेऊन चढायचा, आणि मी तोंड फिरवून झाडाच्या चिंचा मोजायचो. मी त्याला विचारलं, सारख्या उजवीकडच्याच का तुटतात? तो म्हणाला, "तुम्ही उजवीकडे झुकून बसता अण्णा." तेव्हापासून मी महिनाभर डावीकडे झुकून सायकल चालवली. कंबर धरली. तारा उजवीकडच्याच तुटत राहिल्या.

डिसेंबरात चाकाच्या मधला हब कुरकुरायला लागला. मी स्वतः घरी उघडून पाहिला. दोन्ही बाजूंना नऊ नऊ छर्रे हवेत, एका बाजूला आठच निघाले. मी व्यंकोजीकडे गेलो. मला वाटलं तो ओशाळेल. तो म्हणाला, "एक गटारात गेला अण्णा. पण एक कमी असला तर बाकीचे मोकळे फिरतात." मी काट्यांचा तपासनीस, ग्रामाचा दहावा भाग कमी पडला तर काटा परत पाठवतो. आणि हा माणूस मला छर्रा कमी असण्याचे फायदे सांगतो.

आता आईंबद्दल. आपण त्यांना जूनमध्ये "पंधरा दिवस हवापालट" म्हणून आणून सोडलंत. वडिलांचं वर्षश्राद्ध झाल्यापासून त्या कुणाशी बोलत नाहीत, जेवण तुटलंय, असं आपण मला स्टेशनवर बाजूला घेऊन सांगितलंत. इथेही त्यांनी तेच चालू ठेवलं. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या, संध्याकाळी उठायच्या. त्यांची आणि माझी सव्वीस वर्षांत मिळून बारा वाक्यं झाली असतील, त्यातली निम्मी माझ्या मराठीबद्दल. लग्नाच्या वेळी त्या "मुलगी कानडी मुलखात दिली" असं म्हणाल्या होत्या हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे. तेव्हा मी गॅलरीखाली चाक उघडून बसायचो, त्या वर बसायच्या, आणि दोघंही एकमेकांना दिसत नसल्यासारखं वागायचो. जानेवारीपर्यंत हे असंच चाललं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी हबच फाटला. म्हणजे ज्या कडेच्या भोकांत तारा अडकवतात, तिथली दोन शेजारची भोकं मिळून एक झाली. नवा हब घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि नवा हब म्हणजे सगळं चाक उसवून पुन्हा विणायचं. व्यंकोजी म्हणाला, "विणतो अण्णा, अर्धा तास." मी आयुष्यात प्रथमच उद्धटपणे वागलो. चाक त्याच्या हातातून काढून घेतलं आणि घरी आणलं.

जिन्यात भीमाचार्य भेटले. हे आमच्या वरच्या मजल्यावरचे, मूळचे धारवाडचे, त्यामुळे मराठी येतं, तेही ठासून. तीस वर्षं विमानांच्या कारखान्यात होते. रिव्हेट ठोकण्याच्या आवाजानं उजवा कान गेला आहे, डावा अधू आहे, पण डोकं शाबूत आहे, आणि निवृत्तीनंतर त्याला काम नाही. त्यांनी फाटलेला हब उलटासुलटा करून पाहिला आणि माझं घर बुडाल्यासारखा चेहरा केला. मग मला विचारलं, "माणूस चाकावर बसतो की चाकाला लोंबकळतो?" मी म्हटलं, बसतो. ते म्हणाले, "बसाल कशावर? तार काय काठी आहे? दाबली तर वाकते ती. तार फक्त ओढू शकते. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून ठेवायच्या असतात. तुमचं वजन आलं की खालच्या तारांचा ताण थोडा सैल होतो, एवढंच." मी म्हटलं, मग जाड माणसाच्या तारा तुटतात कशा? "जाड माणसाच्या नाही, ढिल्या चाकाच्या तुटतात. ताण कमी असला की खाली आल्यावर ती तार पूर्ण सुटते, वर गेली की झटका खाते. एका मैलात किती फेरे? तेवढे झटके. तुमचा तो व्यंकोजी एक तार आवळतो आणि शेजारच्या दोन उपाशी ठेवतो." त्यांना मी माझी चार तारांची तक्रार सांगितली, आपल्या नावासकट. ते म्हणाले की छत्तीस पुष्कळ झाल्या, फक्त सगळ्यांनी सारखं ओढलं पाहिजे. म्हणजे त्यांनी आपली बाजू घेतली. प्रामाणिकपणे लिहितो, आवडलं नाही.

बावीस तारखेच्या रविवारी आम्ही अंगणात चटई घालून बसलो. सायकल उलटी उभी केली, तोच आमचा स्टँड. नवा हब, जुनी रिम (ती भीमाचार्यांनी लाकडी हातोडीनं सरळ केली), नव्या छत्तीस तारा. प्रत्येक तार तीन तारांना ओलांडून रिमला पोचली पाहिजे असा त्यांचा आग्रह, कारण व्यंकोजीनं दोनच ओलांडल्या होत्या. मी चौदा तारा घातल्यावर सगळ्या चुकीच्या निघाल्या. पुन्हा काढल्या. पुन्हा घातल्या. दुपारी तीनला चाक एकदाचं चाकासारखं दिसलं. मग भीमाचार्य म्हणाले की खरं काम आता सुरू. तारेला नखानं छेडायचं, आवाज ऐकायचा. सारखा ताण तर सारखा आवाज. त्यांनी डावा कान चाकाला लावून एकेक तार छेडली, मला विचारलं, सारखा आहे ना? मला सगळ्या सारख्याच वाटत होत्या. मला तर प्रेशर कुकर आणि कारखान्याचा भोंगाही सारखेच वाटतात. आम्ही दोघं तासभर टंग टंग करत होतो, एक बहिरा आणि एक औरंगजेब.

आणि वरून आवाज आला. "ती नव्हे. तिच्या पलीकडची उतरलीय."

मी वर पाहिलं. आई गॅलरीच्या कठड्याशी उभ्या होत्या.

भीमाचार्यांनी विचारलं, "कुठली म्हणता अक्का?"

"उजव्या बाजूची. आता छेडलीत तिच्यापासून दुसरी."

त्यांनी चावी पाव फेरा फिरवली. छेडली.

"चढली. अर्धं मागे घ्या." मग थोड्या वेळानं, "हां."

असं वरून खाली अर्धा तास चाललं, आणि मग त्या खाली आल्या. सात महिन्यांत अंगणात उतरल्या नव्हत्या. चटईवर बसल्या, पदर खोचला आणि माझ्या हातातून चावी घेतली. "उमाकांतराव, तुम्ही नुसतं चाक धरा." एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी भीमाचार्यांना विचारलं, उजवीकडच्या सगळ्या वरच्या सुरात आणि डावीकडच्या खालच्या, हे असं का? भीमाचार्य खूश झाले. विमानांच्या कारखान्यात तीस वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ते म्हणाले, उजवीकडे फ्रीव्हील बसतं, म्हणून त्या बाजूच्या तारा उभ्या पडतात, त्यांना जास्त ओढायला लागतं. "दोन बाजू दोन सुरांत चालतील अक्का. पण एका बाजूला सगळ्या एकच पाहिजेत." आई म्हणाल्या, "मग आज होणार नाही. नव्या तारा आहेत, उद्या उतरतील. आठ दिवस राहू द्या, पुन्हा लावू."

अनुसूया दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती ती तशीच उभी. तिनं विचारलं, "आई, तुला हे कुठून येतं?" आई तार छेडता छेडता म्हणाल्या, "चार वर्षं गाणं शिकत होते. तुझ्या आजोबांनी मास्तर लावले होते. लग्न ठरलं, मग बंद." अनुसूयेला सत्तेचाळीस वर्षांत हे माहीत नव्हतं. आपल्याला माहीत होतं का? असल्यास कळवावं. नसल्यास कळवू नये, मी तिला सांगणार नाही.

पुढचा आठवडा घरात माझी काही किंमत राहिली नाही. कारखान्यातून आलो की सायकल अंगणात उलटी, आई आणि भीमाचार्य तिच्या दोन बाजूंना, आणि मी ऑफिसची पिशवी घेऊन बसच्या गर्दीतून घामाघूम. दोघांचा वाद चाललेला. आई जेवायला लागल्या, तेही वाद घालत. भीमाचार्यांच्या पद्मावतीबाई एकदा वरून डोकावून म्हणाल्या की आमच्याकडे पंखा पण आवाज करतोय, बघाल का. आईंनी पंखाही ऐकला. बेअरिंग गेलंय म्हणाल्या. निघालं तसंच.

एकोणतीस तारखेच्या रविवारी सकाळी चाक पुरं झालं. भीमाचार्यांनी रिमशेजारी खडू धरून चाक फिरवलं. खडू कुठेही लागला नाही. आता वजन देऊन परीक्षा घ्यायची, असं ठरलं. त्यांना गणितासाठी नक्की आकडा हवा होता, मी अधिक मागे एक मोठं माणूस. मोठं माणूस म्हणजे किती? त्यांनी आईंकडे पाहिलं, मग घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी अनुसूयेकडे पाहिलं. ती म्हणाली, तुम्ही काट्यांच्या कारखान्यात आहात, तुम्ही विचारा. मी विचारलं नाही. आम्ही तांदळाची दोन पोती कॅरियरवर बांधली आणि मी गल्लीतून चार फेऱ्या मारल्या. चाक हूं की चूं नाही. पोती सोडत होतो तेवढ्यात आई पायात चपला घालून आल्या आणि म्हणाल्या, "पोत्यांना काय कळतंय? मी बसते. बसल्यावर आवाज बदलतो का ते मला ऐकायचंय."

मी नको म्हटलं. वासुदेवराव, हे आपण लाल शाईनं लिहून ठेवा, मी दोनदा नको म्हटलं. अनुसूया चारदा म्हणाली. भीमाचार्य एकदाही म्हणाले नाहीत, ते कागद पेन्सिल घेऊन आले. आई एका बाजूनं कॅरियरवर बसल्या, एक हात सीटखाली, आणि म्हणाल्या, कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यापर्यंत गेलो. म्हणाल्या, पुढे. पुढे म्हणजे सँकी तळ्याचा रस्ता. तळ्याच्या काठानं गेलो. चाक अगदी गुळगुळीत, मागून नुसता बारीक सूर. मी विचारलं, आवाज बदलला का? म्हणाल्या, "बोलू नका, ऐकू द्या." आणि मग परत येताना तो उतार लागला.

उतार तळ्याकडून बाजाराकडे येतो. तळाशी वळण आहे, आणि या दिवसांत त्या वळणावर अवरेकाईच्या शेंगांचे ढीग लागतात. (अवरेकाई म्हणजे आपल्याकडचे पावटे. आपण मागे नाक मुरडलं होतंत.) आम्ही उताराला लागलो. आई मागून काहीतरी म्हणाल्या, वाऱ्यामुळे मला नीट ऐकू आलं नाही. ब्रेक लागला नाही. एवढंच सांगतो, ब्रेक लागला नाही, आणि याविषयी अधिक तपशिलात जाण्यात अर्थ नाही. सायकल पिसासारखी पळाली. वळणावर मी हँडल वळवलं, सायकल वळली, चाक वळलं, आणि कॅरियरचा डावा पाय त्याच्या नटातून निसटला. त्या पुण्याहून आलेल्या नटाकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. आई सरळ रेषेत पुढे गेल्या आणि शेंगांच्या ढिगात बसल्या. बसल्या, पडल्या नाहीत, हा शब्द त्यांचा आहे. पण हात टेकला तो ढिगापलीकडच्या फरशीवर. शेंगावाली "अय्यो अज्जी!" म्हणून धावली. मी सायकल टाकून धावलो. आईंच्या केसांत शेंगा, मांडीवर शेंगा, तोंडावर पदर, खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत. जवळ गेलो. हसत होत्या.

शेंगावालीच्या ढिगातल्या चार पायली शेंगा मला घ्याव्या लागल्या. त्या आम्ही अजून खातो आहोत. रिक्षातून दवाखान्यात गेलो, फोटो काढला, हाडाला बारीक चीर, प्लास्टर. घरी आलो तर भीमाचार्य दारातच होते. त्यांनी सायकल मागवून आणली होती. माझी अपेक्षा होती की माणूस आधी म्हातारीची विचारपूस करील. त्यांनी चाक उचलून फिरवलं, खडू धरला आणि ओरडले, "अक्का, केसाइतकासुद्धा आउट नाही!" आणि प्लास्टरमधल्या बाईनं त्यांना तार छेडून दाखवायला सांगितलं. माझ्या ढोपराचं कातडं गेलं आहे. ते अजून कुणी पाहिलेलं नाही.

तेव्हा झाली हकीकत ही अशी. दोष कुणाचा ते आपणच ठरवा, पण ठरवताना दूधवाला, छत्तीस तारा आणि तो नट विसरू नका. आपण पंधरा तारखेच्या गाडीनं आईंना न्यायला येताय असं लिहिलं आहे. जरूर या. माझी आपल्याला एकच विनंती आहे, येताना रिकाम्या हातानं या आणि जाताना ती हिरवी सायकल घेऊन जा. ब्रेकव्हॅनमध्ये बुक होते, मी चौकशी करून ठेवली आहे. आईंच्या जाण्याबद्दल मी काही बोलणं योग्य नाही. तो मायलेकरांचा प्रश्न आहे आणि मी जावई आहे.

वहिनींना नमस्कार. अनुसूयेचा आपणा दोघांना नमस्कार. लोभ आहेच, तो पुढच्या पोस्टापर्यंत टिकावा.

आपला,
उमाकांत

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी पुन्हा वाचलं. सायकल नेण्याविषयी लिहिलेलं रद्द समजावं. ब्रेकव्हॅनची भाडी फार वाढली आहेत, आणि चाक नुकतंच बसलं आहे, प्रवासात बिघडेल. त्याऐवजी एक काम करावं. पुण्यात रविवार पेठेत दूधवाल्यांसाठी जाड पट्टीचं, चार पायांचं कॅरियर मिळतं असं भीमाचार्य म्हणतात. चारही पाय अॅक्सलला नटानं बसतात, निसटण्याचा प्रश्नच नाही. तसलं एक पार्सलनं पाठवावं. नुसतं घरात असावं म्हणून म्हणतो. सामानासुमानाला लागतं.

ता. क. दुसरा. पत्र आईंनी मागितलं. चुका काढून देते म्हणाल्या. नाही म्हणता आलं नाही. खालचं अक्षर त्यांचं.

चि. वासूस आशीर्वाद. उजवा हात धड आहे म्हणून लिहिते. उमाकांतरावांनी सगळं खरं लिहिलंय, उताराचं सोडून. वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही हे खोटं. मी मोठ्यानं म्हटलं होतं, ब्रेक लावू नका. त्यांनी लावायला घेतला तेव्हा पुन्हा म्हटलं, लावाल तर बोलणार नाही तुमच्याशी. त्यांनी लावला नाही. तुझी बोलणी त्यांनी माझ्यासाठी खाल्ली, तेव्हा ती तू परत घे आणि त्यांना तसं पत्र लिही. तुझे वडील रोज सायकलनं कचेरीत जात. पस्तीस वर्षं मी ती दारातून पाहिली. कधी बसवा म्हटलं नाही मी, आणि त्यांनाही सुचलं नाही.

पंधरा तारखेला यायचं तर तू ये, चार दिवस राहा. माझं तिकीट काढू नकोस. प्लास्टर निघाल्यावर काय ते मी कळवीन. इथे वरच्या आचार्यांना अजून पुढचं चाक सुरात लावायचंय, आणि त्यांना ऐकू येत नाही.

कॅरियर पाठवशील तेव्हा त्यावर गादी शिवून घे. पत्रा टोचतो.

आई